विद्यापीठातली अणुभट्टी मोडीत काढायची तर

फिनलंडची राजधानी हेलसिंकी. तिला लागून असलेल्या एस्पो शहरात ओटानिएमी नावाचा विद्यापीठ परिसर आहे. त्या देशातली पहिली अणुभट्टी १९६२ साली तिथे सुरू झाली. एफआयआर-१ हे तिचं नाव. अमेरिकेच्या जनरल ॲटॉमिक्स कंपनीची ही 'ट्रायगा' जातीची भट्टी. तिची क्षमता आधी १०० आणि नंतर २५० किलोवॅट, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भट्ट्यांपुढे अगदीच लहान. तरी फिनलंडच्या अणुवीज केंद्रांत पुढे ज्यांनी काम केलं, ते इंजिनिअर या भट्टीवर शिकले. १९९९ ते २०१२ या काळात तिच्या न्यूट्रॉनच्या झोताने दोनशेहून अधिक कर्करुग्णांवर उपचार झाले. ३० जून २०१५ रोजी ती कायमची थांबवली आणि प्रत्यक्ष तोडणीला हात लागायला २०२३ साल उजाडलं.

मधल्या आठ वर्षांत कोणी हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. वापरलेलं इंधन कुठे पाठवायचं, किरणोत्सारी कचरा कोण घेणार, कोणत्या अटींवर घेणार, सरकारी परवाना कसा मिळवायचा, कंत्राट कोणाला द्यायचं, हे सगळं या काळात मार्गी लागलं. त्यानंतरची तोडणी साधारण वर्षभरात उरकली. ज्यांच्या आवारात अशी भट्टी आहे त्यांनी हे प्रमाण पक्कं लक्षात ठेवावं. काँक्रीट कापणं हा या कामाचा छोटा भाग आहे. मोठा भाग ठरवण्याचा, मोजण्याचा, लिहून ठेवण्याचा आणि इतरांचा होकार मिळवण्याचा आहे. त्यातलं बरंचसं भट्टी चालू असतानाच करता येतं. ते तेव्हाच करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट कॉलेजच्या आवारात १९५३ साली पहिली विद्यापीठीय अणुभट्टी सुरू झाली. पुढच्या दोन दशकांत अमेरिका, युरोप, जपानमध्ये अशा भट्ट्यांचं पीक आलं. जगात आजवर ८०० हून अधिक संशोधन अणुभट्ट्या बांधल्या गेल्या. आज त्यातल्या २२० च्या आसपास चालू आहेत. उरलेल्यांपैकी काही पूर्ण मोडल्या गेल्या, काही अर्धवट अवस्थेत आहेत. त्या विद्यापीठांत शिकणारी, शिकवणारी, प्रयोगशाळा सांभाळणारी मराठी माणसंही आहेत. शिवाय न्यूक्लिअर इंजिनिअरिंग किंवा रेडिएशन फिजिक्स शिकणाऱ्या तरुणांना पुढच्या काळात नव्या भट्ट्या उभारण्याइतकंच जुन्या उतरवण्याचं काम मिळणार आहे. हा लेख त्या सगळ्यांसाठी आहे. भारतातल्या महाविद्यालयांना यातून काय घेता येईल, तेही पुढे येईल.

माणसं आधी, कागद लगेच

भट्टी बंद करायचा विचार सुरू झाला की लोक आधी खर्चाचा अंदाज मागतात. त्याही आधी भट्टीवर काम केलेली माणसं गाठा. निवृत्त ऑपरेटर, वर्कशॉपमधला फिटर, प्रयोगशाळा सहायक, किरणोत्सार-सुरक्षेचे अधिकारी, नमुने घेऊन येणारे त्या काळचे पीएचडीचे विद्यार्थी. छोट्या भट्टीवर एका वेळी जेमतेम पाच-सात माणसं काम करत असतात. त्यातली दोन गेली की इमारतीचा निम्मा इतिहास गेला.

त्यांना घरी जाऊन भेटा, पण तेवढ्यावर थांबू नका. शक्य असेल तर भट्टीच्या दालनात घेऊन या आणि तिथे चालता चालता बोलू द्या. जागा दिसली की माणसाला आठवतं. पाणी कधी सांडलं होतं का? कुठल्या ड्रेनमध्ये गेलं? तो ड्रेन पुढे बुजवला का? नमुने भट्टीत नेणाऱ्या हवेच्या नळीत कधी कुपी फुटली का? भिंत सरकवली तेव्हा जुन्या फरशीखाली काय राहिलं? तळघरातल्या कुलूपबंद कपाटात काय आहे? सांगितलेली प्रत्येक जागा नकाशावर खुणेने नोंदवा, आवाज किंवा व्हिडिओ मुद्रित करा, आणि एकाच घटनेबद्दल दोघांना वेगवेगळं विचारा. यात कोणाला दोषी धरायचं नाही, हे त्यांना पहिल्या वाक्यातच सांगा. नाहीतर जे ऐकायला हवं तेच ऐकायला मिळणार नाही.

बांधकामाचे नकाशे हाताशी असले तरी त्यांच्यावर पूर्ण विसंबू नका. नकाशात एक आणि भिंतीत दुसरंच, असं पन्नास-साठ वर्षांच्या इमारतीत हटकून निघतं. जमिनीखालचे पाइप, सांडपाणी साठवायच्या टाक्या आणि न्यूट्रॉनचा झोत बाहेर काढायची, वापरातून गेलेली झोतद्वारं ही तिन्ही स्वतः जाऊन तपासा. ऑपरेटरांच्या रोजच्या नोंदवह्या स्कॅन करून घ्या. भट्टी कोणत्या वर्षी किती तास, किती शक्तीवर चालली याचा हिशेब त्यांतच असतो आणि पुढची सगळी आकडेमोड त्याच हिशेबावर उभी राहते.

मग वस्तूंची यादी करा. भट्टी सुरू करताना वापरायचा न्यूट्रॉन स्रोत, म्हणजे अमेरिसियम-बेरिलियम किंवा प्लुटोनियम-बेरिलियमची छोटी डबी, हमखास विसरली जाते. मोजणी-उपकरणांपैकी फिशन चेंबरमध्ये युरेनियमचा पातळ लेप असतो. नियंत्रण दांड्यांत कॅडमियम असेल तर ते किरणोत्साराखेरीज विषारीही आहे. शिशाच्या विटा, ॲस्बेस्टॉसचं आवरण, पाऱ्याचे स्विच, जुना शिसेयुक्त रंग हे सगळं यादीत आलं पाहिजे. विषारी आणि किरणोत्सारी असा दुहेरी कचरा घ्यायला फार कमी ठिकाणं तयार असतात, म्हणून तो जितक्या लवकर कळेल तितकं बरं.

इंधनाची वाट

भट्टीतल्या किरणोत्साराचा फार मोठा वाटा इंधनात असतो. ते बाहेर गेलं की पहारा, ऑपरेटरांचे परवाने, विमा, आण्विक सामग्रीचा हिशेब अशी सगळी ओझी एकदम हलकी होतात. ते बाहेर जाईपर्यंत मात्र थांबलेली भट्टीही चालू भट्टीइतकीच सांभाळावी लागते. त्यामुळे बंद करण्याची तारीख ठरवण्याआधी इंधन कुठे जाणार हे ठरवा.

अमेरिकेतल्या विद्यापीठांना हे तुलनेने सोपं आहे. तिथे इंधनाची मालकी केंद्रीय ऊर्जा खात्याकडे असते आणि ते परत घेण्याची जबाबदारीही त्याच खात्याची. ट्रायगा भट्ट्यांचं इंधन आयडाहोला जातं, ॲल्युमिनियमच्या वेष्टनातलं साउथ कॅरोलायनातल्या सव्हाना रिव्हरला. इतर देशांनी अमेरिकेकडून घेतलेलं इंधन परत करायची सोय १९९६ साली सुरू झाली, पण तिला मुदत होती. १२ मे २०१६ नंतर भट्टीत वापरलेलं इंधन त्या योजनेत बसत नव्हतं. एफआयआर-१ त्या तारखेच्या आत थांबली होती. तरीही तिचं इंधन प्रत्यक्ष हललं ते २०२०-२१ च्या सुमारास, आणि गेलं कुठे तर डेनव्हरला, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या ट्रायगा भट्टीत पुन्हा वापरण्यासाठी. कमी शक्तीवर चाललेल्या भट्टीतलं इंधन पुष्कळदा शिल्लक आयुष्य घेऊन बाहेर पडतं. ज्याला तुम्ही कचरा समजता ते दुसऱ्या एखाद्या भट्टीला हवं असू शकतं, म्हणून जगभरातल्या त्याच जातीच्या भट्ट्यांना पत्र टाकून विचारायला विसरू नका.

फिनलंडच्या मंडळींनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. इंधन परदेशी गेलं नाही तर ते देशातच कसं सांभाळायचं, याचा दुसरा मार्गही त्यांनी तयार ठेवला. दोन मार्ग हाताशी असले की वाटाघाटीत घाई होत नाही.

कधी कधी तारीख दुसरंच कोणी ठरवतं. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये ५ मेगावॅटची जड पाण्याची भट्टी होती. १९९६ च्या ऑलिंपिकसाठी खेळाडूंचं गाव त्याच आवारात वसणार होतं, म्हणून स्पर्धेच्या आधीच भट्टीतलं इंधन बाहेर काढण्यात आलं. आवारातला एखादा मोठा प्रकल्प, नवी मेट्रो, शेजारच्या जमिनीची विक्री यांच्या वेळापत्रकावर भट्टीवाल्यांचं लक्ष असलं पाहिजे ते यासाठी.

इंधन हलवण्याचं तंत्र तज्ज्ञ कंपन्यांना ठाऊक असतं, पण एक गोष्ट तुम्हीच बघा: तुमच्या दालनातली क्रेन. वाहतुकीचं कास्क शिशाचं आणि पोलादाचं, कित्येक टनांचं. जुन्या दालनातली क्रेन त्याचं वजन पेलत नाही, दरवाजा अरुंद असतो, फरशीची ताकद कोणी तपासलेली नसते. अशा वेळी दालनात छोट्या कास्कमधून एकेक इंधनदांडी उचलायची आणि बाहेर ट्रकवरच्या मोठ्या कास्कमध्ये भरायची, हा मार्ग आहे. त्याची रंगीत तालीम खोट्या दांड्या वापरून पूर्ण करा. क्रेनची तपासणी इंधन हलवण्याच्या बरीच आधी, दुरुस्तीला वेळ उरेल अशी ठेवा.

थांबावं की तोडावं

मोठ्या वीजभट्ट्यांच्या बाबतीत काही दशकं थांबून किरणोत्सार उतरू देण्याला अर्थ असू शकतो. छोट्या भट्टीच्या बाबतीत थांबणं बहुतेक वेळा तोट्याचं ठरतं, असं माझं मत आहे.

पोलादात अगदी थोडं कोबाल्ट असतं आणि न्यूट्रॉनच्या माऱ्याने त्याचं कोबाल्ट-६० होतं. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. दहा वर्षं थांबलं तर ते चौथ्या हिश्श्याच्या आसपास येतं, तीस वर्षांत दोन टक्क्यांवर. हा फायदा खरा आहे. पण काँक्रीटमधल्या युरोपियम-१५२ चं अर्धायुष्य १३.५ वर्षं आहे, दहा वर्षांनंतरही त्याचा साठ टक्के भाग शिल्लक राहतो. ग्रॅफाइटमधल्या कार्बन-१४ चं तर ५,७३० वर्षं, त्याला तुमच्या थांबण्याने काहीच फरक पडत नाही. छोट्या भट्टीत मुळात किरणोत्साराची पातळी इतकी कमी असते की योग्य आडोसा आणि लांब हत्यारं वापरून काही महिन्यांत किंवा दोन-तीन वर्षांत काम सुरू करता येतं. त्याउलट दहा वर्षांत भट्टी ओळखणारी माणसं पांगतात, क्रेन गंजते, वायुवीजनाच्या पंख्यांचे सुटे भाग मिळेनासे होतात, कचरा घेणाऱ्या केंद्राचे नियम आणि दर बदलतात.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २०१४ च्या सुरक्षा-निकषांतही लगेच मोडणी हाच पसंतीचा मार्ग मानला आहे. भट्टी काँक्रीटमध्ये कायमची गाडून टाकणं हा नियोजनाचा मार्ग मानलाच जात नाही, मोठ्या अपघातासारख्या अपवादात्मक परिस्थितीसाठी तो राखलेला आहे. अमेरिकेत भट्टी कायमची थांबल्यापासून दोन वर्षांच्या आत संस्थेला मोडणीच्या आराखड्यासह परवाना संपवण्याचा अर्ज करावा लागतो.

पैशाबद्दल थोडक्यात. विद्यापीठाचं अंदाजपत्रक वर्षाचं असतं, हे काम अनेक वर्षांचं. मोडणीसाठी वेगळं राखीव खातं हवं आणि त्यातली रक्कम कुलगुरूंनाही वसतिगृहाच्या बांधकामाकडे वळवता येऊ नये, अशी त्याची घटना हवी. खर्चाच्या अंदाजात थांबण्याचा खर्चही लिहा. पहारा, तपासण्या, विमा आणि पगार मिळून दर महिन्याला किती जातात, तो आकडा विद्या परिषदेपुढे आणि व्यवस्थापनापुढे ठेवला की निर्णय लवकर होतात.

मोजणी नीट झाली तर तोडणी सोपी

या कामातला सगळ्यात बौद्धिक भाग म्हणजे कशात किती किरणोत्सार आहे हे तोडण्याआधी ओळखणं. विद्यापीठाने तो शक्यतो स्वतःकडे ठेवावा. विद्यार्थ्यांना यातून जे शिकायला मिळतं ते कोणत्याही वर्गात मिळत नाही.

न्यूट्रॉन कुठवर पोचले असतील याचं गणित संगणकावर करता येतं. पण त्या गणिताला लागणारी सर्वात महत्त्वाची माहिती कुठेच लिहिलेली नसते. साठ वर्षांपूर्वी ज्याने काँक्रीट ओतलं त्याने त्यात दशलक्ष भागांत किती युरोपियम आहे हे कधी तपासलं नव्हतं. त्याला कारणही नव्हतं. पोलादाच्या बोल्टमधलं कोबाल्ट, शुद्ध म्हणून विकलेल्या ॲल्युमिनियममधलं जस्त, जड काँक्रीटमधलं बेरियम, हे सगळं असंच. म्हणून गणित आणि प्रत्यक्ष नमुने यांची सांगड घालावी लागते. काँक्रीटच्या ढालभिंतीत डायमंड ड्रिलने आरपार गाभे काढा, त्यांचे खोलीनुसार काप करा आणि प्रत्येक काप गॅमा वर्णपटमापकावर ठेवा. बहुतेक वेळा असं दिसतं की भट्टीच्या गाभ्याकडचा थर सक्रिय झालेला आहे आणि भिंतीचा उरलेला मोठा भाग स्वच्छ आहे. झोतद्वारं आणि न्यूट्रॉन मंद करणारा ग्रॅफाइटचा थर्मल कॉलम यांच्याभोवती मात्र न्यूट्रॉन जास्त खोल शिरतात. तिथले नमुने दाट घ्या.

गॅमा मापकाला न दिसणारे किरणोत्सारी पदार्थही बरेच असतात. ट्रिटियम, कार्बन-१४, लोह-५५ यांच्यासाठी नमुना विरघळवून किंवा जाळून द्रव स्फुरणमापकात मोजावा लागतो. हे काम संथ आणि महाग आहे. एफआयआर-१ मध्ये उपचारांसाठी न्यूट्रॉनांचा वेग बेताचा करायला 'फ्लुएंटल' नावाचा पदार्थ वापरला होता, तिथल्याच संशोधकांनी तयार केलेला. त्यात ॲल्युमिनियम, ॲल्युमिनियम फ्लोराइड आणि थोडं लिथियम फ्लोराइड असतं. लिथियमवर न्यूट्रॉन आदळला की ट्रिटियम तयार होतो. कचऱ्याच्या नेहमीच्या याद्यांत अशा पदार्थाला रकाना नसतो. तुमच्या भट्टीतही कोणा संशोधकाने हौसेने बनवलेली अशी एखादी चीज असेलच. तिची कुंडली काढायला सर्वात जास्त वेळ लागेल असं धरून चाला.

मग प्रश्न येतो, किती म्हणजे स्वच्छ? आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार मोठ्या प्रमाणातला माल नियंत्रणातून मोकळा करायचा तर ग्रॅममागे कोबाल्ट-६० आणि युरोपियम-१५२ यांची मर्यादा ०.१ बेकरेल आहे, कार्बन-१४ ची १, ट्रिटियमची १००. एकाहून जास्त किरणोत्सारी समस्थानिकं असली तर प्रत्येकाच्या प्रमाणाला त्याच्या मर्यादेने भागून येणाऱ्या आकड्यांची बेरीज एकच्या आत बसवावी लागते. आपापल्या देशाचे आकडे नियामकाकडून लेखी घ्या. आता गंमत अशी की साध्या घराच्या काँक्रीटमध्येही नैसर्गिक पोटॅशियम-४० ग्रॅममागे काही दशांश बेकरेल असतं. नुसता एकूण मापकाचा आकडा पाहिला तर स्वच्छ भिंतही मळलेली वाटेल. यावर उपाय म्हणजे त्याच काळातली, त्याच जातीच्या काँक्रीटची, पण भट्टीपासून दूर असलेली भिंत आवारात शोधायची आणि तिची मोजणी तुलनेसाठी आधीच करून ठेवायची. ही भिंत दुसऱ्या प्रकल्पात पाडली जाण्याआधी मोजा.

कचरा नेमका कोणाकडे जाणार हे ठरल्याखेरीज करवत उचलू नका. घेणाऱ्या केंद्राला पिंपाचा आकार, वजन, आतल्या द्रव्यांची माहिती विशिष्ट पद्धतीने हवी असते. आधी तोडून मग विचारलं तर तेच तुकडे पुन्हा कापावे लागतात आणि माणसांना दोनदा डोस बसतो. फिनलंडमध्ये एफआयआर-१ चा कचरा लोव्हिसा अणुवीज केंद्राच्या बेटावर, खडकात सुमारे ११० मीटर खोल असलेल्या भांडारात ठेवण्याचा करार तोडणीच्या आधी झाला होता.

तोडणीबद्दल कंत्राटदार तुम्हाला पुष्कळ सांगेल. त्याच्याकडून पाणी, धूळ आणि क्रम या तीन गोष्टींची खात्री करून घ्या. टाकीतलं पाणी आयन-विनिमयाच्या रेझिनमधून गाळूनच सोडायचं, आणि ते रेझिन स्वतःच कचरा होतं. डायमंड वायरने काँक्रीट कापताना पाणी वापरलं तर गाळ होतो, कोरडं कापलं तर धूळ. दोन्हींची सोय आधी हवी, धुळीसाठी तंबू आणि बारीक गाळणी असलेले पंखे. स्वच्छ भाग आधी बाहेर काढायचे म्हणजे ते मळत नाहीत. कामगारांच्या डोसची मर्यादा भारतात पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० आहे, पण चांगल्या नियोजनात छोट्या भट्टीवरचा डोस त्याच्या खूप खाली ठेवता येतो. जास्त जपायचं ते उंचावरून पडणं, क्रेनवरून सुटलेला भार, सिलिकाची धूळ, शिसं यांपासून. सगळ्यांचं लक्ष डोसीमीटरवर असताना शिडीकडे दुर्लक्ष होतं.

शेजारच्या इमारतीत तास चालू असताना

विद्यापीठातल्या मोडणीचं वेगळेपण हे की भिंतीपलीकडे वर्ग भरलेले असतात. जड उचल आणि ट्रकची ये-जा सुट्टीत ठेवा. अग्निशमन दलाला काम सुरू होण्याआधी आत फिरवून आणा. वसतिगृहातल्या मुलांना आणि आसपासच्या रहिवाशांना एकाच माणसाचा चेहरा दिसू द्या, ज्याला भट्टीचं खरंखुरं ज्ञान आहे आणि जो 'हे मला माहीत नाही, उद्या सांगतो' असं म्हणून उद्या खरंच सांगतो. आवाराच्या हद्दीवरची मोजणी दर आठवड्याला फलकावर लावा, आकडा कंटाळवाणा असला तरी लावा.

तुम्ही शेजारी किंवा विद्यार्थी असाल तर 'धोका आहे का' असा मोघम प्रश्न विचारू नका, त्याला मोघमच उत्तर येतं. इंधन बाहेर गेलं का आणि कोणत्या तारखेला, कचरा किती दिवस आवारात राहणार, हद्दीवर कोण मोजतंय आणि त्याची पडताळणी दुसरं कोण करतंय, शेवटी जागा कोणत्या निकषावर मोकळी होणार, हे विचारा. अमेरिकेत परवाना संपवताना निकष असा आहे की पुढे त्या जागेत वावरणाऱ्याला वर्षाला जास्तीत जास्त ०.२५ मिलिसिव्हर्ट वाढीव डोस मिळावा, आणि तोही शक्य तितका कमी. निसर्गातून माणसाला मिळणारा जागतिक सरासरी डोस वर्षाला २.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की चर्चा जमिनीवर येते. शेवटच्या सर्वेक्षणात दालन चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोन मोजतात, आणि नियामकाच्या वतीने स्वतंत्र संस्था त्यातले काही पुन्हा मोजते. ही दुसरी मोजणी झाली का, हे विचारायला संकोच करू नका.

आपल्या महाविद्यालयांसाठी

भारतात संशोधन अणुभट्ट्या अणुऊर्जा विभागाकडे आहेत, विद्यापीठांकडे नाहीत. मुंबईत ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेली 'अप्सरा' २००९ साली थांबली आणि १० सप्टेंबर २०१८ रोजी तिथेच 'अप्सरा-यू' सुरू झाली. पण किरणोत्सारी स्रोत आपल्या विद्यापीठांतही आहेत, आणि ते विसरले गेले तर काय होतं ते दिल्लीत दिसलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं कोबाल्ट-६० चं गॅमा उपकरण १९८५ पासून वापरात नव्हतं. २०१० च्या फेब्रुवारीत ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते तोडलं. एकाचा जीव गेला, आणखी काही जण गंभीर आजारी पडले. त्यांना आपण काय उघडतोय हे कोणीच सांगितलं नव्हतं. तो विचार मनातून जात नाही.

म्हणून आपल्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र विभागांत, शेती महाविद्यालयांत आणि जुन्या रुग्णालयांत एक फेरी मारा. शिशाचं जाड भांडं, तीन पाती असलेलं पिवळं चिन्ह, अनेक वर्षांत न उघडलेलं स्टोअर दिसलं तर काही उघडू किंवा हलवू नका. किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा, तो नसेल तर प्राचार्यांमार्फत मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला. मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन व्यवस्थेत संस्थेतल्या प्रत्येक स्रोताची नोंद आहे का ते तपासा. वापरात नसलेला स्रोत पुरवठादाराकडे परत पाठवायचा असतो. देशात बनलेल्या गॅमा चेंबरसाठी वाशीची 'ब्रिट' ही अणुऊर्जा विभागाची संस्था आहे. स्टोअरची सफाई आणि जुन्या सामानाचा लिलाव यांच्या समितीवर विज्ञान विभागाचा माणूस असलाच पाहिजे, आणि त्याच्या सहीशिवाय एकही पेटी फाटकाबाहेर जाता कामा नये.

इमारत आणि दस्तऐवज

परवाना संपल्यावर उरते ती इमारत. मिशिगन विद्यापीठातली २ मेगावॅटची फोर्ड भट्टी २००३ साली थांबली. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या विद्यार्थ्यांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या स्मृतीसाठी सुरू केलेल्या फिनिक्स प्रकल्पाचा ती भाग होती. मोडणीनंतर त्याच इमारतीत आज अणुअभियांत्रिकीच्या प्रयोगशाळा आहेत. सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठाने १९६१ साली काचेच्या भिंतींची भट्टी-इमारत बांधली होती, आत काय चालतं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. भट्टी १९८८ साली बंद झाली. इमारत २००९ साली राष्ट्रीय वारसास्थळांच्या यादीत आली, तरी २०१६ साली ती पाडण्यात आली. पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शहराचा वारसा-संरक्षणाचा कायदा विद्यापीठालाही लागू आहे. तोवर तिथे वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. इमारतीचं पुढे काय करायचं हा प्रश्न वास्तुविशारदांपुढे आणि इतिहासाच्या विभागापुढे मोडणीच्या आराखड्याबरोबरच ठेवा. नंतर कोणाला वेळ नसतो.

दस्तऐवजांच्या दोन प्रती करा, एक विद्यापीठाच्या अभिलेखागारात आणि एक नियामकाकडे, एकाच छताखाली नकोत. त्यात परवाना संपल्याचं पत्र, शेवटच्या सर्वेक्षणाचे चौकोननिहाय आकडे, कोणतं पिंप कोणत्या तारखेला कुठे गेलं याची यादी, जमिनीखाली काय ठेवलं आणि काय काढलं याचा नकाशा, जुन्या ऑपरेटरांच्या मुलाखती आणि कामगारांच्या डोसच्या नोंदी असाव्यात. डोसच्या नोंदी कामगाराच्या हयातीपर्यंत लागू शकतात, म्हणून त्या दशकांच्या हिशेबाने जपाव्या लागतात. डिजिटल प्रत ठेवली तर काही वर्षांनी ती नव्या माध्यमावर उतरवण्याची जबाबदारी एका पदाला लेखी नेमून द्या, व्यक्तीला नको. आणि नियंत्रण कक्षाचा पॅनेल निरुपद्रवी ठरला असेल तर तो भंगारात देण्याआधी जवळच्या विज्ञान संग्रहालयाला एक फोन करा.